दुसरे आसन आणि अनुभवाचे माप

मुंबईकडून येणारी गाडी कर्जत स्थानकात थांबली की बहुधा तिच्या मागील टोकास आणखी एंजिने जोडली जातात. पुढे भोरघाट आहे. १८६३ साली हा लोहमार्ग खुला झाला तेव्हापासून त्याचा चढ प्रसिद्ध आहे. काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट या मानाने रूळ वर चढतात. पुढच्या एंजिनास एकट्याने हा भार ओढवत नाही. मागून रेटणाऱ्या एंजिनांस रेल्वेची मंडळी 'बँकर' म्हणतात. लोणावळा आले की ती सुटी होतात आणि निमूटपणे परत कर्जतला उतरतात. गाडीतील प्रवासी तोवर चिक्की घेण्यात गुंतलेला असतो. आपल्याला वर कोणी आणले याची विचारपूस तो करीत नाही.

आम्ही लोणावळ्यास पुष्कळ वर्षे राहतो, आणि स्थानकाजवळून फिरावयास जाताना ही एंजिने पाहून आम्हांस सार्वजनिक जीवनातील दुय्यम पदांची आठवण होते. उपसरपंच, उपनगराध्यक्ष, उपप्राचार्य, उपराष्ट्रपती. नावामागे 'उप' लागले की माणसाचा निम्मा मान कमी होतो आणि कामाचा बोजा मात्र बराचसा तसाच राहतो. तथापि ही उपमा एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. मागचे एंजिन कधी पुढे येत नाही. दुय्यम आसनावरील मनुष्यास मात्र एखाद्या सकाळी, कसलीही पूर्वसूचना नसता, पुढे येऊन सर्व गाडी आपल्या अंगावर घ्यावी लागते. हे आसन कोणास द्यावे हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही; आणि त्यात अनुभव पाहावा की स्त्री असणे पाहावे, हा वाद अलीकडे वारंवार कानी पडतो.

आमच्यापर्यंत तो ज्या रीतीने आला ते सांगितले पाहिजे, कारण या लेखाचे मूळ तेथेच आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. पवन मावळातील एका लहान गावी त्याची शेती आहे, आणि नुकताच तो ग्रामपंचायतीचा सदस्य झाला आहे. इंद्रायणी तांदळाची पिशवी कोपऱ्यात ठेवून तो म्हणाला, "सर, आमच्याकडे उपसरपंचाची निवड आहे. एक काका आहेत, तीनदा सदस्य झालेले. दुसऱ्या एक वहिनी आहेत, पहिल्यांदाच निवडून आल्यात. निम्मे म्हणतात, या खेपेला बाईला द्या. निम्मे म्हणतात, अनुभव बघा. तुमचं काय मत?"

आम्ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "अनुभव पाहावा. पद हे काही शोभेसाठी नसते." उत्तर ठाम होते, शब्दही नेटके होते, आणि विद्यार्थी समाधानाने निघून गेला. तो गेल्यावर मात्र आमचे समाधान फार वेळ टिकले नाही. त्या वहिनी कोण, काय करतात, हे आम्ही विचारलेच नव्हते. काकांच्या तीन मुदतींत काय झाले, हेही विचारले नव्हते. 'अनुभव' हा शब्द उच्चारताच न्याय झाला असे आम्ही गृहीत धरले होते. हा शब्द खरोखर इतका निर्दोष आहे काय, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम त्या पदाचे स्वरूप पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे उपसरपंच हा सदस्यांनी आपल्यातून निवडावयाचा असतो. सरपंच गैरहजर असेल किंवा त्याचे पद रिकामे झाले असेल तर त्याचे काम उपसरपंचाने चालवावयाचे असते. सरपंचाच्या निवडीची रीत अलीकडे बरीच बदलत आली. २०१७ साली ती थेट मतदारांकडे गेली, २०२० साली पुन्हा सदस्यांकडे आली आणि २०२२ साली परत मतदारांकडे गेली. स्त्रियांच्या राखीव जागांचा नियमही सरपंचपदास लागू आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आली व तिने पंचायतीतील जागांबरोबर अध्यक्षपदांचाही एकतृतीयांश भाग स्त्रियांकडे दिला. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. परंतु घटनेचे ते कलम अध्यक्षपदाविषयी बोलते. दुय्यम पदाविषयी नाही. म्हणजे पहिल्या आसनाचा दरवाजा कायद्याने उघडला. दुसऱ्या आसनाचा दरवाजा मात्र सदस्यांच्या सदसद्विवेकावर सोडला. आमच्या मते समाजाच्या मनाची खरी परीक्षा येथे होते. कायद्याने भाग पाडल्यावर आपण काय करतो यावरून आमची नीती कळत नाही. कोणी भाग पाडीत नसता काय करतो त्यावरून ती कळते.

आता या मोकळ्या जागी सामान्यतः काय घडते? सरपंचपद स्त्रीकडे आले, तर गावकरी म्हणतात, "जोडीला उपसरपंच अनुभवी पुरुष हवा, बाई नवखी आहे." सरपंचपद पुरुषाकडे आले आणि तो नवखा असला, तरी म्हणतात, "जोडीला अनुभवी पुरुष हवा." सरपंच अनुभवी पुरुष असला, तर म्हणतात, "दोघेही अनुभवी असले म्हणजे काम जोरात होईल." प्रश्न तीन आणि उत्तर एकच. ज्या तराजूत कोणताही जिन्नस टाकला तरी काटा एकाच बाजूस झुकतो, त्या तराजूविषयी शंका घेण्याचा अधिकार गिऱ्हाइकास असतो.

दुसरी एक रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. पुष्कळ गावांत उपसरपंचपद एकेक वर्ष वाटून घेण्याचा तोंडी करार असतो. अमक्या वाडीचा एक वर्ष, तमक्या भावकीचा दुसरे वर्ष. ठरल्या दिवशी एकाने राजीनामा द्यावयाचा व दुसऱ्याने बसावयाचे. गावातील तंटे मिटविण्यास ही तडजोड उपयोगी पडत असेल. आम्ही तिला नावे ठेवीत नाही. परंतु ज्या पदाची वाटणी आंब्याच्या झाडाच्या फळांप्रमाणे आळीपाळीने होते, ते पद दीर्घ अनुभवाखेरीज चालणारच नाही असे म्हणणे शोभत नाही. भावकीला पाळी मिळते तेव्हा अनुभवाची आठवण कोणास होत नाही. स्त्रीचे नाव पुढे आले की ती होते.

याचा अर्थ अनुभव हे केवळ निमित्त आहे असा कोणी घेऊ नये. अनुभवाचे मोल आम्ही जाणतो. दप्तर कसे वाचावे, ग्रामसेवकाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारावा, निधी कोणत्या कामास वापरता येतो व कोणत्या कामास येत नाही, भरसभेत आवाज चढविणाऱ्यास न रागावता कसे बसवावे, या गोष्टी पुस्तकांतून येत नाहीत. प्रश्न इतकाच की अनुभव मोजावयाचा तो कोणत्या मापाने, आणि तो मिळविण्याची वाट कोणास खुली होती.

या मावळातच त्याचे एक थोर उदाहरण आहे. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे १७२९ साली वारले. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव सेनापती झाले, परंतु १७३१ च्या एप्रिलमध्ये डभईच्या रणात बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना ते पडले. शाहू महाराजांनी सेनापतिपद धाकटे पुत्र यशवंतराव यांस दिले. ते वयाने लहान होते. कारभार चालविला तो त्यांच्या मातोश्री उमाबाई यांनी. पुढे पेशव्यांशी झालेल्या संघर्षात दाभाड्यांचे बळ मोडले आणि १७५३ साली उमाबाई निवर्तल्या. त्यांच्या राजकारणाविषयी इतिहासकार काय म्हणावयाचे ते म्हणोत. आमचा मुद्दा निराळा आहे. १७३१ साली कोणी उमाबाईंचा अनुभव विचारला असता तर दप्तरात काय सापडले असते? पद नाही, सनद नाही, शिक्का नाही. तरीही एका सेनापतीची पत्नी व दुसऱ्याची माता म्हणून त्यांनी फौजेचे पगार, सरदारांचे रुसवे, गुजराथेतील वसुली व साताऱ्याचा दरबार हे सर्व जवळून पाहिले असले पाहिजे. अनुभव होता, त्यास नाव नव्हते.

अहल्याबाई होळकरांची गोष्ट याच्या पुढची पायरी दाखविते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती पडले तेव्हा सासऱ्यांनी त्यांस मागे ठेवले नाही. तोफखाना हलविणे, रसद पोहोचविणे अशी कामे मल्हाररावांनी आपल्या हयातीतच सुनेवर सोपविली; १७६५ साली त्यांस लिहिलेल्या पत्रांतून हे दिसते. १७६६ साली मल्हारराव गेले, १७६७ साली मालेराव गेले, आणि अहल्याबाई पुढे आल्या त्या नवख्या म्हणून नव्हेत. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिले व राज्याची धुरा आपल्या हाती ठेवली. पहिले आसन स्त्रीचे व दुसरे लढवय्या पुरुषाचे, अशी ही जोडी १७९५ सालापर्यंत टिकली. तिच्यात कुरबुरी होत्या, परंतु पहिले आसन कोणाचे याविषयी घोटाळा नव्हता. अहल्याबाईंची थोरवी त्यांची स्वतःची आहे. परंतु आपल्या मागे कोण, याचा विचार जो वडीलधारा मनुष्य वेळीच करतो व ज्यास हाती काम देऊन शिकवितो, त्याच्याही विवेकाचा त्यात वाटा आहे. अनुभव हा वारशाने येत नाही, तसा आकाशातूनही पडत नाही. तो कोणीतरी कोणास तरी देत असतो.

ही एक गोष्ट ध्यानात धरली की वादाचे रूप पालटते. अमेरिकेतील उपाध्यक्षपदाचा इतिहास पाहावा. १९४५ च्या जानेवारीत हॅरी ट्रूमन उपाध्यक्ष झाले. दहा वर्षे ते सेनेटर होते. अनुभवात कसलीही उणीव काढण्यास जागा नव्हती. ८२ दिवसांनी रूझवेल्ट वारले आणि ट्रूमन अध्यक्ष झाले. अणुबाँबची सविस्तर हकीकत त्यांस कळली ती त्यानंतर. दुसरे आसन दिले, पण विश्वास दिला नाही. आणि जगातील सर्वांत भयंकर निर्णय अशा मनुष्यासमोर येऊन पडला. मनुष्य येताना जो अनुभव आणतो तो निम्मा. उरलेला निम्मा पहिल्या आसनावरील मनुष्याने त्यास द्यावयाचा असतो. हा दुसरा निम्मा भाग देण्यात जो कुचराई करतो, त्याने पहिल्या भागाची इतकी चिकित्सा का करावी?

त्याच देशात १९८४ साली जेराल्डिन फेरारो यांस एका मोठ्या पक्षाने उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली; असा मान स्त्रीस मिळण्याची ती पहिलीच वेळ. २००८ साली दुसऱ्या पक्षाने सेरा पेलिन यांस उभे केले. अलास्कासारख्या विरळ वस्तीच्या प्रांताच्या त्या गव्हर्नर होत्या, आणि तेही दोन वर्षे पुरी झाली नव्हती. त्यांच्याविषयी अनुभवाची शंका काढली गेली ती आमच्या मते रास्त होती, कारण अध्यक्षपदाचे उमेदवार ७२ वर्षांचे होते व पुढे येण्याचा प्रसंग केवळ कल्पनेतला नव्हता. परंतु हीच शंका त्या जागी पुरुष असता तरीही काढली पाहिजे. थिओडर रूझवेल्ट १९०१ साली उपाध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्याही पदरी गव्हर्नरपदाची दोनच वर्षे होती. त्याआधीची त्यांची इतर कामे लोकांनी जमेस धरली, व ते योग्यच झाले. असेच जमेस धरण्याचे औदार्य स्त्रीच्या वाट्यास येते काय, हे पाहावयाचे.

उलट बाजूचा दोषही तितकाच विचार करण्याजोगा आहे. २०२० साली जोसेफ बायडेन यांनी आधीच जाहीर केले की आपण उपाध्यक्षपदासाठी स्त्रीच निवडू. पुढे कमला हॅरिस यांची निवड झाली. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या प्रांताच्या सहा वर्षे महान्यायवादी व त्यानंतर सेनेटर, इतकी त्यांची तयारी होती. परंतु 'स्त्री' ही अट आधी व नाव मागून आल्यामुळे, त्यांस पद मिळाले ते स्त्री म्हणून, हा आक्षेप विरोधकांच्या हाती आयता सापडला व शेवटपर्यंत त्यांच्या मागे लागला. उपकार करणाऱ्याने उपकाराचा डंका वाजविला की घेणाऱ्याची पात्रताही झाकली जाते. स्त्रीस आसन देताना 'आम्ही बाईला दिले' असे जो मिरवितो, तो तिला अर्धेच देतो.

आपल्या देशाचा दाखला तर अधिकच विचित्र आहे. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली आमदार झाल्या व २००७ साली राष्ट्रपती. त्याच वर्षी उपराष्ट्रपतिपदासाठी नजमा हेपतुल्ला उभ्या होत्या. राज्यसभेचे सभापतित्व हे उपराष्ट्रपतीचे मुख्य काम. आणि त्या सभेच्या उपसभापती म्हणून त्यांनी दीड तपाच्या जवळपास काम केले होते. त्याच कामाचा याहून मोठा अनुभव कोणाजवळ असणार? त्या हरल्या. हामिद अन्सारी हेही मोठ्या योग्यतेचे गृहस्थ होते, आणि निकाल पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे लागला यात नवल नाही. पण मग एवढे तरी कबूल करावे की अनुभव हा सर्वत्र निर्णायक नसतो. २०२२ साली मार्गारेट आल्वा याही तशाच हरल्या. १९५२ पासून २०२५ पर्यंत या पदावर एकही स्त्री निवडून आली नाही. राष्ट्रपतिपदी मात्र दोन आल्या.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, व त्यास बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेपक म्हणतो, "तुम्ही पुस्तकी बोलता. आम्ही गावात राहतो. बाईला खुर्ची दिली की खुर्चीवर तिचा नवरा बसतो. सही तिची, हुकूम त्याचा. मग अनुभवी पुरुषालाच उघडपणे का न द्यावे?" हा आक्षेप खोटा नाही. 'सरपंचपती' हा शब्द कोणत्याही कायद्यात नसता प्रत्येक तालुक्यात रूढ झाला आहे. वर सांगितलेल्या उमाबाईंच्या काळी पद पुरुषाच्या नावे असून काम स्त्री करीत असे. पावणेतीनशे वर्षांनी पद स्त्रीच्या नावे असून काम पुरुष करतो. दोन्ही काळांत नाव एकाचे व काम दुसऱ्याचे, ही लबाडी कायम राहिली. फक्त बाजू बदलली. परंतु यावरून निष्कर्ष काय काढावा? एखाद्याच्या शेतात शेजारी घुसतो म्हणून शेतच शेजाऱ्याच्या नावे करून द्यावे असा न्याय कोणी देत नाही. घुसणाऱ्यास बाहेर काढावे हा न्याय होय.

दुसरेही एक उत्तर आहे आणि ते अनुभवावरच आधारलेले आहे. पश्चिम बंगालमध्ये पंचायतींच्या राखीव जागांचा अभ्यास झाला. २००४ साली राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्तेर द्युफ्लो यांनी दाखविले की स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक लक्ष दिले. २००९ साली द्युफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोलका आहे. एकच भाषण काही गावकऱ्यांस पुरुषाच्या आवाजात ऐकविले, काहींस स्त्रीच्या आवाजात. शब्द तेच, मुद्दे तेच. जेथे स्त्री प्रमुख कधीच झाली नव्हती, तेथील पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील पुढाऱ्यास कमी गुण दिले. जेथे ती एकदा होऊन गेली होती, तेथे हा भेद जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे नवखेपणा केवळ बसणाऱ्यात नसतो, पाहणाऱ्यातही असतो. स्त्रीस कारभाराचा अनुभव नाही असे आपण म्हणतो. आपल्यास स्त्रीच्या कारभाराचा अनुभव नाही, हे त्या वाक्याचे दुसरे अंग आहे. पुणे जिल्ह्यानेच १९६३ साली निंबूत येथे सर्व सदस्य स्त्रिया असलेली पंचायत पाहिली होती. तिचे कौतुक झाले आणि आम्ही ती विसरून गेलो. आमच्या लोणावळ्यात २०१६ साली सुरेखा जाधव यांस मतदारांनी थेट नगराध्यक्ष निवडले, व नगर नेहमीप्रमाणे चालू राहिले. मावळातील स्त्रियांच्या सार्वजनिक धैर्याची कसोटीही झालेली आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघे पडले, त्यांत एक स्त्री होती. रस्त्यावर उभी राहताना तिला कोणी अनुभव विचारला नव्हता.

इतके लिहून आम्ही थांबलो असतो तर वाचकांस आमच्या उदारपणाचे कौतुक वाटले असते. परंतु ते आमच्या वाट्याचे नाही. सुमारे दहा वर्षांपूर्वी, ज्या महाविद्यालयात आम्ही शिकवीत होतो तेथे उपप्राचार्याची निवड व्हावयाची होती. सल्ला देणाऱ्या मंडळात आम्ही होतो. दोन नावे होती: एक आमचे सहकारी, दुसऱ्या आमच्या सहकारी बाई. विद्वत्तेत बाई सरस, शिकविण्यात दोघेही तुल्यबळ. आम्ही टिपण लिहिले की सहकाऱ्यांस वसतिगृहाचा, परीक्षा विभागाचा व क्रीडा दौऱ्यांचा अनुभव आहे, बाईंस तो नाही. सबब सहकाऱ्यांची शिफारस करावी. टिपणातील शब्दन् शब्द खरा होता. ते मान्य झाले.

सभेनंतर जिन्यात बाई भेटल्या. रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी इतकेच विचारले, "सर, हा अनुभव मला कुठे मिळायचा होता?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण उत्तर आम्हीच होतो. वसतिगृहाचे काम निघाले तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, "बाईंना नको, रात्री-अपरात्री जावे लागते." परीक्षेचे काम निघाले तेव्हा म्हणालो, "उशीर होतो, त्यांस घर आहे." दौऱ्याच्या वेळी तर त्यांचे नाव सुचलेच नाही. प्रत्येक वेळी आमच्या मनात दयाबुद्धी होती, आणि आम्ही त्यांस एकदाही विचारले नव्हते. वीस वर्षे एका माणसाच्या हाती काम पडू दिले नाही, आणि एकविसाव्या वर्षी तिचे हात रिकामे आहेत असे प्रमाणपत्र तिला दिले. अन्याय करताना दुष्ट बुद्धी लागतेच असे नाही. सभ्यपणानेही तो उत्तम साधतो. बाई पुढे निवृत्त झाल्या. आम्ही त्यांची क्षमा मागितली नाही, कारण मागावयास हवी हे पुरते उमगावयास आम्हांस फार वर्षे लागली.

या सर्वांवरून आम्ही ज्या मतास आलो ते थोडक्यात असे. दुय्यम आसनासाठी पहिला प्रश्न एकच असावा, व तो स्त्रीपुरुष दोघांस सारखाच विचारावा: उद्या सकाळी पुढे येण्याचा प्रसंग आला, तर हे माणूस गाडी थांबू देणार नाही ना? ही पायरी ज्यास चढता येत नाही त्यास पद देऊ नये. स्त्रीस तर मुळीच देऊ नये, कारण तिचे अपयश तिच्या एकटीच्या नावावर जमा होत नाही, मागून येणाऱ्या दहाजणींच्या नावावर मांडले जाते. या पायरीवर अनुभव मोजताना मात्र माप मोठे ठेवावे. ज्या अनुभवास शिक्का नाही तोही त्यात घालावा. पायरी चढलेली माणसे एकाहून अधिक असली, तर तेथून पुढे अधिक वर्षांना फारसे महत्त्व देऊ नये. पहिले आसन अनुभव खर्च करण्याचे आहे. दुसरे आसन तो मिळविण्याचेही आहे. ज्यांस आजवर तो मिळू दिला नाही, त्यांचा हक्क तेथे आधी लागतो. स्त्री असणे हा गुण नव्हे, तसा तो दोषही नव्हे. परंतु कोणास किती काळ दाराबाहेर उभे केले याची ती खूण आहे, आणि न्यायाधीशाने खुणेकडे डोळेझाक करू नये.

हे लिहून झाल्यावर आम्ही विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. वहिनींविषयी त्या दिवशी न विचारलेले प्रश्न विचारले. बारा वर्षे त्या गावच्या बचतगटाचे हिशेब ठेवतात. बँकेचे कर्ज त्यांच्या सहीने येते व हप्ता चुकलेला नाही. उन्हाळ्यात टाकीचे पाणी कोणत्या आळीस केव्हा सोडावयाचे हे त्या ठरवितात, आणि त्यावरून भांडण झालेले नाही. आम्ही म्हणालो, "मग आमचे मागचे मत आम्ही परत घेतो."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "सर, निवड मागच्या आठवड्यात झाली. बिनविरोध झाली. तुमचं मत मी बैठकीत सांगितलं होतं. वहिनी म्हणाल्या, सर म्हणत असतील तर बरोबरच असेल, आणि अर्ज मागे घेतला."

काकांची मुदत बोलीप्रमाणे एक वर्षाची आहे. वर्ष संपल्यावर काय होईल ते गाव ठरवील. त्यात आम्ही पुन्हा मत देणार नाही. विद्यार्थ्यास एवढेच सांगितले की दप्तर वाचण्याचे काम निघेल तेव्हा वहिनींस बोलावीत जा, आणि त्यांस सवड आहे की नाही हे त्यांचे त्यांस विचारा. त्याने "हो" म्हटले.